द्यूताध्यक्ष ते सर्व्हर: जुगाराचा आकडा कुठे ठरतो?

आजचा धागा थोडा लांब आहे. विषय जुगाराचा इतिहास. परंतु जिंकणाऱ्या-हरणाऱ्यांच्या कथा येथे फारशा नाहीत. कॅसिनोतील शेकडो मशीन आज एकाच सर्व्हरला जोडलेली असतात. ही व्यवस्था काय आहे, ती कोठून आली आणि आपल्या महाराष्ट्राच्या कापूस-आकड्यांच्या इतिहासाशी तिचा काय संबंध आहे, हे क्रमाने पाहू. मी परभणी जिल्ह्यातील वालूरचा, म्हणजे कापसाच्या मुलखातला. त्यामुळे ही गोष्ट कापसावरून जाणे अपरिहार्य आहे.

१/ प्रारंभी एक साधा प्रश्न. पणजीला मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजावर कोणी स्लॉट मशीनचे बटण दाबतो. पडद्यावर चित्रे फिरतात आणि थांबतात. तो हरला की जिंकला, हे नेमके कुठे ठरले? फिरणाऱ्या चित्रांत, मशीनच्या पोटातील चिपमध्ये, की दूर एखाद्या बंद खोलीतील संगणकात? जुगाराच्या इतिहासात हा प्रश्न प्रत्येक युगाने वेगळ्या साधनांनिशी विचारलेला आहे.

२/ त्याचे सर्वांत जुने सविस्तर प्रशासकीय उत्तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडते. या ग्रंथाचा काळ विवाद्य आहे. काही अभ्यासक तो मौर्यकाळात नेतात, तर काही इसवी सनाच्या पहिल्या शतकांपर्यंत खाली आणतात. १९०५ मध्ये म्हैसूरला आर. शामशास्त्री यांना त्याचे हस्तलिखित मिळाले आणि १९०९ मध्ये ते छापले गेले. या ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटी द्यूतावर एक प्रकरण आहे.

३/ कौटिल्य जुगारावर बंदी घालत नाही. तो द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी नेमतो आणि द्यूत ‘एकमुख’, म्हणजे एकाच ठिकाणी, चालवण्याची व्यवस्था सांगतो. अन्यत्र खेळणाऱ्याला १२ पण दंड. फासे आणि कवड्या द्यूताध्यक्षानेच पुरवायच्या, त्यांचे भाडे घ्यायचे आणि जिंकणाऱ्याच्या रकमेतून शेकडा ५ राजाच्या तिजोरीत जमा करायचे. फासे बदलणाऱ्यालाही १२ पण दंड.

४/ या व्यवस्थेचे घटक मोजून पाहा: एकच अधिकृत जागा, अधिकृत साधने, प्रत्येक डावातून ठरलेला हिस्सा, साधनांत फेरफार केल्यास शिक्षा. आधुनिक कॅसिनो-सर्व्हरचे काम सांगायला याहून नेमकी यादी सापडणे कठीण. पाचवा घटक तर अधिकच लक्षणीय आहे. हे सर्व कशासाठी, तर चोरून उपजीविका करणारे लोक ओळखू यावेत म्हणून. पैसा गोळा करणे आणि माणसे टिपणे ही दोन्ही कामे त्या एका जागी होत.

५/ सर्व शास्त्रकार कौटिल्याशी सहमत नव्हते. मनुस्मृती राजाला द्यूताचा संपूर्ण निषेध करायला सांगते. याज्ञवल्क्यस्मृती मात्र राज्याच्या देखरेखीखालील द्यूत मान्य करते आणि कारण तेच देते: चोर ओळखता यावेत. ‘बंद करा’ आणि ‘एका जागी आणून नजरेखाली ठेवा’ हे दोन पक्ष तेव्हापासून आजच्या विधिमंडळांपर्यंत समोरासमोर उभे आहेत. पुढची सर्व कथा या दोन टोकांमध्ये हिंदकळते.

६/ आता एकोणिसाव्या शतकातील मुंबई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव गगनाला भिडले. १८७० मध्ये समुद्राखालील तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. दूरच्या बाजारातील भाव ज्या दिवशी काही तासांत येथे पोहोचू लागला, त्या दिवसापासून भाव हीच पैज लावण्याजोगी वस्तू झाली. माल पाहण्याची गरज उरली नाही. आकडा पुरेसा होता.

७/ याचा पुरावा खुद्द कायद्याच्या भाषेत आहे. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आणि त्यात वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्या पाहा. जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या करताना तेथे कापूस, सोने-चांदी वा अन्य वस्तूंच्या बाजारभावावरील जुगार येतो. त्याहून विशेष म्हणजे भाव सांगताना वापरलेल्या संख्येतील ‘अंकांवरचा’ जुगारही येतो. पाऊस पडेल की नाही आणि किती पडेल यावरील पैजाही त्याच व्याख्येत बसवल्या आहेत. मोटारीच्या नोंदणी क्रमांकातील अंकसुद्धा सुटलेले नाहीत.

८/ कायदेमंडळ अशी यादी हौसेने करीत नाही. लोक ज्यावर पैजा लावतात, त्याची ती नोंद असते. या यादीत एक सूत्र आहे. पाऊस, भाव, वाहनाचा क्रमांक यांपैकी एकही गोष्ट जुगार चालवणाऱ्याच्या हातात नाही. आकडा बाहेरून येतो, तो सर्वांना एकाच वेळी दिसतो आणि म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. फासे कोणाचे, हा कौटिल्याला छळणारा प्रश्न येथे फासेच काढून टाकून सोडवला आहे.

९/ त्या काळी परभणी जिल्हा मुंबई इलाख्यात नव्हता. तो निजामाच्या राज्यात होता. तेथे १३०५ फसलीचा हैदराबाद जुगार कायदा लागू होता. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येते, म्हणजे हा कायदा साधारण १८९५-९६ चा. मनमाड-सिकंदराबाद हा निजामाचा मीटरगेज लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला आणि सेलू, मानवत रोड, परभणी ही स्थानके मुंबईच्या बाजाराशी जोडली गेली.

१०/ या मार्गाने आमच्या मुलखातील कापसाच्या गाठी मुंबईकडे जात आणि त्याच बाजारातील भाव उलट दिशेने येत. शेतकऱ्याच्या दृष्टीने भाव म्हणजे वर्षाचा हिशेब होता. सटोडियाच्या दृष्टीने त्या भावाचा शेवटचा अंक एवढाच महत्त्वाचा. एकाच संख्येचे हे दोन वाचक कधी एकमेकांना भेटले नसतील. परंतु दोघेही एकाच तारेकडे डोळे लावून बसलेले असत.

११/ स्वातंत्र्यानंतर मुंबईत न्यूयॉर्क कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर आकडे लावण्याचा जुगार फोफावला. हे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात येत. न्यूयॉर्कमधील भाव मुंबईचा कोणताही बुकी बदलू शकत नव्हता, हेच या खेळाचे भांडवल. १९६१ च्या सुमारास हे भाव येणे थांबले. खेळणारे होते, पैसे होते, वसुलीचे जाळे होते; आकडा तेवढा उरला नाही.

१२/ मग आकडा येथेच तयार करावा लागला. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी ‘न्यू वरळी’ नावाने मटका सुरू केला. आरंभी मडक्यातून चिठ्ठ्या काढत, पुढे पत्ते आले. नाव मात्र मटका हेच राहिले. रीत अशी: ० ते ९ मधील तीन अंक काढायचे. समजा ३, ६, ८ आले. बेरीज १७, तिचा शेवटचा अंक ७. हा ‘ओपन’. पुन्हा तीन अंक काढून ‘क्लोज’. दोन्ही मिळून ‘जोडी’.

१३/ येथे इतिहासाने मोठे वळण घेतले, असे मला वाटते. कापसाचा आकडा कोणाच्याच हातात नव्हता. मटक्याचा आकडा एका माणसाच्या हातात आला. म्हणून विश्वास टिकवण्यासाठी सोडत लोकांदेखत करावी लागली. खत्री यांच्या सोडतीची ख्याती याच उघडेपणावर उभी होती. ज्या आकड्यावर कमी पैसे लागले तोच मुद्दाम काढला जातो, हा आरोप मटक्याच्या पाठीशी कायम राहिला. हा आरोप लक्षात ठेवा. पुढे तो संगणकाच्या रूपाने परत येतो.

१४/ तांत्रिक दृष्टीने मटका हे एक जाळे होते. मध्यभागी एकच सोडत. तेथून टेलिफोन आणि ट्रंक कॉलने तो आकडा शहराशहरांत, तेथून तालुक्याच्या पेठांत आणि गावच्या पानटपरीपर्यंत जाई. चिठ्ठ्या आणि पैसे उलट दिशेने केंद्राकडे वाहत. निकाल केंद्रात, खेळाडू परिघावर. आजच्या भाषेत याला ‘मध्यवर्ती निकाल’ म्हणतात. सर्व्हर नव्हता, त्याचे काम माणसे करीत होती.

१५/ शासनाने यावर दोन्ही शास्त्रकारांचे उपाय एकाच वेळी वापरून पाहिले. मनूचा उपाय म्हणजे पोलिसी छापे. आणीबाणीत खत्री यांना तुरुंगवासही घडला. कौटिल्याचा उपाय म्हणजे १९६९ मध्ये सुरू झालेली महाराष्ट्र राज्य लॉटरी: तिकीट सरकारचे, सोडत उघड, नफा तिजोरीत. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव उद्ध्वस्त झाले, तेव्हा मटक्याचा मोठा ग्राहकवर्गही विखुरला.

१६/ १९७६ हे वर्ष विलक्षण आहे. त्या वर्षी महाराष्ट्राने कॅसिनो नियंत्रण व कर कायदा केला आणि त्याच वर्षाच्या नावाने गोवा, दमण व दीवचा सार्वजनिक जुगार कायदाही आहे. महाराष्ट्राचा कायदा कॅसिनोला वाट देणारा होता; पण तो कधी अंमलातच आणला गेला नाही. गोव्याचा कायदा जुगार रोखणारा होता. पण त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना आणि १९९६ मध्ये पाण्यावरील जहाजांवरील खेळांना वाट मिळाली.

१७/ म्हणजे वाट देणारा कायदा कागदावर राहिला आणि रोखणारा कायदा कॅसिनोचा आधार झाला. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये आपला कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. नेटवर्कवर चालणारी कॅसिनो मशीन मराठी-कोकणी मुलखात प्रत्यक्ष पाहायची असतील, तर गोव्याकडेच वळावे लागते. म्हणून आता त्या मशीनच्या पोटात शिरू.

१८/ स्लॉट मशीनचा जनक म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे यांचे नाव घेतले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र घडवले: तीन चाके, स्प्रिंगा, दांडा. तेथे निकाल चाकांतच ठरत असे. प्रत्येक चाकावर समजा २२ थांबे असतील, तर २२ × २२ × २२ = १०,६४८ रचना होतात. मोठे बक्षीस देण्याची मर्यादा या गणितानेच आखून दिली होती.

१९/ १९८४ मध्ये इंगे टेल्नेस या नॉर्वेजियन गणितज्ञाला एक पेटंट मिळाले. त्यांची कल्पना अशी: निकाल चाक ठरवणार नाही, चिपमधील रँडम नंबर जनरेटर आधी एक संख्या निवडेल आणि चाक त्या संख्येनुसार थांबवले जाईल. संगणकाच्या स्मृतीतील काल्पनिक चाकाला ६४ थांबे दिले, तर रचना २,६२,१४४ होतात. डोळ्यांना दिसणारे चाक मात्र २२ थांब्यांचेच राहते.

२०/ या पेटंटने दृश्य आणि निर्णय यांची फारकत केली. ‘थोडक्यात हुकले’ हा खेळाडूचा अनुभव बऱ्याच अंशी या फारकतीतून येतो. बक्षिसाचे चिन्ह रेषेच्या किंचित वर थांबलेले दिसते, परंतु गणितात ते जवळपास नसतेही. ‘हे मशीन तापले आहे’, ‘बराच वेळ दिले नाही, आता देईल’ या समजुतींनाही आधार नाही. प्रत्येक डाव नवा असतो आणि मागच्या डावाची आठवण जनरेटरला नसते.

२१/ दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, आयजीटी या कंपनीने नेवाडात ‘मेगाबक्स’ आणले. वेगवेगळ्या कॅसिनोंतील मशीन टेलिफोनच्या तारांनी एका मध्यवर्ती संगणकाला जोडलेली होती. प्रत्येक डावातील लहानसा हिस्सा सामाईक बक्षिसात जमा होई. २००३ मध्ये लास व्हेगासच्या एक्सकॅलिबर कॅसिनोत या बक्षिसाची रक्कम ३ कोटी ९७ लाख डॉलरवर गेली होती. मशीनना जोडणारे जाळे हाच आता आकर्षणाचा विषय झाला.

२२/ अशा जाळ्यांचे तीन प्रकार नीट वेगळे ओळखावेत. पहिला हिशेबाचा: प्रत्येक मशीनमधील इंटरफेस कार्ड सर्व्हरला सतत कळवते की किती पैसे आले, किती गेले, दार कधी उघडले. निकाल मशीनमध्येच ठरतो. दुसरा खेळ पुरवणारा: सर्व्हरवरून मशीनमध्ये खेळ, त्याचे दर, पैजेची किमान रक्कम उतरवता येते. २००९ अखेर उघडलेला लास व्हेगासचा आरिया कॅसिनो याचे पहिले मोठे उदाहरण. तिसरा मध्यवर्ती निकालाचा: मशीन केवळ पडदा असते, जिंकणे-हरणे सर्व्हर कळवतो. न्यूयॉर्क राज्याची व्हिडिओ लॉटरी या जातीची.

२३/ दुसऱ्या प्रकारात धोका उघड आहे. कोणी जिंकू लागला की खोलीतून दर बदलता येईल का? म्हणूनच नियामकांनी अटी घातल्या. मशीन काही मिनिटे रिकामे असल्याशिवाय बदल करायचा नाही, बदल होत असल्याचे पडद्यावर दाखवायचे आणि प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवायची. प्रोग्रामचा डिजिटल ठसा मंजूर प्रतीच्या ठशाशी जुळवून पाहिला जातो. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. फासे तेच आहेत ना, हे पाहण्याची ही नवी रीत.

२४/ आपल्याकडे हे जाळे कॅसिनोपेक्षा लॉटरीच्या रूपाने अधिक लोकांपर्यंत पोहोचले. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याने दोन अर्थपूर्ण अटी घातल्या. एकेरी अंकावर बक्षीस द्यायचे नाही आणि एका लॉटरीची आठवड्यातून एकाहून अधिक सोडत काढायची नाही. पहिली अट मटक्याच्या ‘आकड्या’ला कायद्याच्या चौकटीबाहेर ठेवते. दुसरी अट वेगाला लगाम घालते. हा वेगाचा मुद्दा आपण शेवटी पुन्हा घेऊ.

२५/ २००१-०२ च्या सुमारास सिक्कीम शासनाच्या लॉटरीसाठी ‘प्लेविन’चे जाळे उभे राहिले आणि उपग्रहाने जोडलेली टर्मिनल शहरांतील दुकानांत आली. २०१० च्या केंद्रीय नियमांनी ऑनलाइन लॉटरीची व्याख्याच मध्यवर्ती संगणक-सर्व्हरवरून केली: तिकीट विकले जाते आणि खेळाडूने निवडलेला अंक त्याच क्षणी सर्व्हरवर नोंदला जातो. सिक्कीमने २००८ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पुढे ते खेळ राज्याच्या हद्दीतील अंतर्गत नेटवर्कच्या टर्मिनलपुरते मर्यादित केले.

२६/ आता मटक्यावरील जुना आरोप आठवा. कोणत्या आकड्यावर किती पैसे लागले, हे मटक्याच्या पेढीला अंदाजाने कळे. सर्व्हरला ते सोडतीपूर्वी पैशापैशापर्यंत ठाऊक असते. म्हणून विक्री मोजणारा संगणक आणि आकडा काढणारे यंत्र यांच्यात भिंत असणे, हे अशा व्यवस्थेच्या प्रामाणिकपणाचे मर्म आहे. परवान्याशिवाय चालणाऱ्या ‘व्हिडिओ गेम’ आणि ‘चक्री’च्या टर्मिनलवर ही भिंत आहे की नाही, हे पाहणारे कोणीच नसते.

२७/ यंत्रातील फेरफाराचा विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. १९९५ च्या एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात व्हिडिओ गेमच्या यंत्रांचा प्रश्न होता. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, एवढाच तो वाद नव्हता. मालकाने यंत्रातच ढवळाढवळ केली, तर खेळाडूचे कौशल्य निरर्थक ठरते, हा मुद्दा तेथे महत्त्वाचा ठरला.

२८/ परवाना आणि तपासणी असली म्हणजे सर्व सुरळीत होते काय? दोन उदाहरणे पाहा. रॉन हॅरिस हे नेवाडाच्या नियामक मंडळात मशीनच्या चिप तपासणारे तंत्रज्ञ होते. ठरावीक क्रमाने नाणी टाकली की बक्षीस मिळावे, असा गुप्त प्रोग्राम त्यांनी तपासणीच्या निमित्ताने मशीनमध्ये घातला. १९९५ मध्ये अटलांटिक सिटीत किनो या खेळाचे १ लाख डॉलरचे बक्षीस त्यांच्या साथीदाराला लागले आणि प्रकरण उघडकीस आले.

२९/ दुसरे उदाहरण एडी टिप्टन यांचे. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या संयुक्त लॉटरी संस्थेत ते माहिती-सुरक्षेचे प्रमुख होते. अंकजनकाच्या प्रोग्राममध्ये त्यांनी अशी ओळ घातली की वर्षातील ठरावीक दिवशी येणारे अंक त्यांना आधीच कळावेत. डिसेंबर २०१० मधील १ कोटी ६५ लाख डॉलरच्या तिकिटावरून तपास सुरू झाला. २०१५ मध्ये ते दोषी ठरले आणि २०१७ मध्ये त्यांना २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

३०/ दोन्ही प्रकरणांत खेळाडूने फासे बदलले नाहीत; फाशांच्या राखणदाराने बदलले. कौटिल्याच्या दंडयादीत फासे बदलणाऱ्याला शिक्षा आहे. द्यूत एकमुखी केल्याने लबाडी संपत नाही, ती मुखापाशी गोळा होते. तीच गोष्ट मोडतोडीची. सप्टेंबर २०२३ मध्ये एमजीएम रिसॉर्ट्सच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा एकाच कंपनीच्या अनेक कॅसिनोंतील व्यवहार एकदम कोलमडले. तोटा सुमारे १० कोटी डॉलर. मडके फुटले तर एक सोडत थांबते. सर्व्हर पडला तर सर्वच थांबते.

३१/ सर्व्हरचे आणखी एक काम फारसे बोलले जात नाही. खेळाडूने सदस्य-कार्ड मशीनमध्ये घातले की तो किती वाजता आला, किती वेगाने बटण दाबतो, किती हरल्यावर उठतो, हे सर्व नोंदले जाते. मग उठण्याच्या बेतात असलेल्याला एखादी सवलत, एखादे फुकट जेवण. द्यूतशाळेत माणसे टिपणे हे काम कौटिल्यानेही सांगितले होते. पण त्याचा रोख चोरांवर होता. आताचा रोख ग्राहकाच्या सवयीवर आहे.

३२/ आता वेगाचे गणित. मटक्यात एका अंकावर साधारणतः एका रुपयाला नऊ रुपये मिळत. संभाव्यता दहात एक. म्हणजे शंभरामागे सरासरी १० रुपये पेढीचे. दिवसातून दोनदा १० रुपये लावणाऱ्याचा सरासरी तोटा दिवसाला २ रुपये. आता समजा एक मशीन शंभरातील ९२ रुपये परत करते, म्हणजे मटक्याहून ‘उदार’ आहे. पण १० रुपयांचे बटण तासाला ५०० वेळा दाबले, तर उलाढाल ५,००० आणि सरासरी तोटा ४०० रुपये. तोही दर तासाला.

३३/ दर कमी, तरी नुकसान दोनशे पट, आणि तेही एका तासात. फरक केवळ वेगाचा आहे आणि तो वेग यंत्राने व जाळ्याने दिला आहे. आठवड्याला एकच सोडत, ही १९९८ च्या कायद्यातील अट म्हणूनच मला फार शहाणी वाटते. जुगार ‘प्रामाणिक’ आहे की नाही, हा प्रश्न आपण फार विचारतो. पूर्णपणे प्रामाणिक सर्व्हरसुद्धा या गणिताने माणसाला रिकामे करतो, हे त्या मानाने कमी बोलले जाते.

३४/ ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. शास्त्रांच्या भाषेत बोलायचे तर पारडे पुन्हा मनूकडे झुकले. गोव्यात मात्र कौटिल्याची व्यवस्था परवान्यासह चालू आहे. एकाच देशात, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर, दोन हजार वर्षांचा वाद दोन्ही बाजूंनी जिवंत आहे.

३५/ आपल्यापैकी अनेक जण विशीत आहोत. ज्यांच्या आजोबांनी कापसाच्या पट्टीवरील आकडा पाहून वर्षाचे बेत आखले, त्या घरांतील मुलांच्या खिशात आता आकडा काढणारे यंत्र आहे. बंदी आली तरी विनापरवाना अ‍ॅप आणि टर्मिनल एका दिवसात नाहीसे होणार नाहीत. म्हणून कोणताही असा खेळ समोर आला की तीन प्रश्न विचारावेत: आकडा कुठे ठरतो? तो ठरवणाऱ्याला कोण तपासतो? आणि तासाला तो किती वेळा ठरतो?

३६/ पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा मिळणार नाहीत. तिसऱ्याचे उत्तर घड्याळ लावून स्वतः काढता येते, आणि बहुतेक वेळा निर्णयाला तेवढे पुरते. तुमच्या भागात सट्टा, आकडा, सोरट यांविषयी जुन्या माणसांकडून काही ऐकले असेल, तर व्यक्तींची नावे वगळून खाली अवश्य लिहा. मौखिक इतिहासात हा विषय फार थोडा नोंदला गेला आहे.